हवा सोड

वेल्डरला भाजणं नवीन नसतं. मनगटावर, मानेवर, बुटात शिरलेल्या ठिणगीने पायाच्या बोटांवर, असे डाग आमच्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर असतात. त्यामुळे मी भाजलो हे ऐकून गावातले काही जण म्हणाले, ‘गजाला काय, सवय हाय त्याला.’ त्या शहाण्यांसाठी हे लिहितोय. आणि खरं सांगायचं तर टाकीत उतरणाऱ्यांसाठी, त्यांच्या बायकांसाठी, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर नखं खात बसणाऱ्यांसाठी. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती मला तेव्हाही कळली नाहीत आणि आता कळून घ्यायची हौस नाही.

मी वाचलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच जीव टांगणीला लावू नये. टांगणीला लागलं होतं ते दुसरंच. मला ज्याच्या हातून आग लागली आणि ज्याने ओढून बाहेर काढलं, तो माणूस एकच. दिगू, माझा मेहुणा, सुगंधाचा म्हणजे माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. माझा श्वास परत आला, कातडी परत आली, पण या बहीणभावांचं बोलणं काही परत येईना. दुखण्यातून उठलेल्या माणसाला स्वतःच्या घरात असं दोघांच्या मधे उभं राहावं लागलं, तर त्याला बरं झालो असं म्हणता येत नाही.

टाकी

आगरदांड्याच्या अलीकडे खाडीच्या कडेला एक लहानसं यार्ड आहे. माल वाहणारे सपाट बार्ज आणि बोटी पाण्याबाहेर ओढून त्यांचे गंजलेले पत्रे बदलायचे, हे आमचं काम. बार्जच्या पोटात रिकाम्या टाक्या असतात. वरून माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, त्याला मॅनहोल म्हणायचं. आत धड उभं राहता येत नाही, गुडघ्यांवर सरकत काम करावं लागतं. बाहेर मे महिना असेल तर आत काय असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

अशा टाकीत कोणी एकट्याने उतरत नाही. एक आत, एक तोंडाशी. आतल्याच्या पट्ट्याला दोरी बांधलेली, तिचं दुसरं टोक तोंडाशी बसलेल्याच्या हातात. मोठ्या पंख्याचा जाड पाइप आत सोडलेला असतो आणि तो वारा ढकलत राहतो. पंखा थांबला की आतल्याने बाहेर यायचं. हे सगळं आम्हाला पाठ होतं. पण अमावस्येचं उधाण तोंडावर आलं होतं. बार्ज पाण्यात ढकलायचा तो उधाणालाच, ते हुकलं की पुढच्या उधाणापर्यंत तो तिथेच बसणार. माझा पत्र्याचा एक सांधा जोडायचा राहिला होता.

त्यात लाइट गेली. पंखा थांबला, हवेचा कंप्रेसर थांबला. माझं वेल्डिंग मशीन मात्र डिझेलवर चालायचं, ते धडधडत होतं. म्हटलं, एवढा सांधा मारतो आणि येतो.

तोंडाशी दिगू होता. तो वाकून म्हणाला, “भावोजी, बाहेर या ना.”

“एवढा झाला की आलोच.”

“कसा वाटतंय?”

“घुसमटतंय रे. जरा हवा सोड.”

आमच्या धंद्यात सगळ्यालाच हवा म्हणतात. पंख्याची हवा, कंप्रेसरची हवा, सिलिंडर रिकामा झाला तर ‘हवा संपली’, रिक्षाच्या चाकात भरतात ती पण हवा. माझ्या मनात कुठली हवा होती कोण जाणे. दिगूच्या हाताशी दोन पाइप होते. एक कंप्रेसरचा, तो मेलेला. दुसरा गॅसकटरला लागणाऱ्या ऑक्सिजनचा, त्याचा सिलिंडर भरलेला. त्याने तो आत सोडला आणि नळ उघडला.

इथे दिगूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या साथीत माझे सासरे दवाखान्यात पडले होते आणि ऑक्सिजन मिळत नव्हता. दिगूने मालकाच्या पाया पडून यार्डातला सिलिंडर टेम्पोत घातला आणि घेऊन निघाला. तो पोचला तेव्हा बाबांच्या तोंडावर चादर ओढली होती. तेव्हापासून त्या माणसाच्या लेखी ऑक्सिजन म्हणजे जीव. ज्याला हवा आहे त्याला मिळालाच पाहिजे, एवढं त्याला कळत होतं.

थोड्या वेळात मला आत खरंच बरं वाटायला लागलं. डोकं हलकं झालं. मनात म्हटलं, मेहुणा कामाचा आहे. डोळ्यांवर काच घेतली आणि वेल्डिंग मारलं.

आग लागते तेव्हा आधी एक टोक पेटतं, आपण ते झटकतो, बाकीचं वाचवतो. इथे ठिणगी बाहीवर पडली आणि बाही, छाती, हातमोजा, गळ्यातला रुमाल, सगळं एका दमात पेटलं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तो सगळा तापलेला धूर आत घेतला. ओरडला नसतात तर घसा वाचला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन म्हणून मी मान हलवली.

दिगू आत उतरला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय. आपलं माणूस जळताना बघितलं की पहिला विचार उडी मारायचा येतो, आणि उडी मारली की एका मढ्याची दोन होतात. त्याने आधी नळ बंद केला. मग दोरी ओढली. दोघे जण धावत येईपर्यंत त्याने एकट्याने ओढली, तळहातांची सालं निघाली तरी. मॅनहोलच्या काठाला माझा खांदा घासला, वर ढग नसलेलं आभाळ दिसलं आणि अंगावर बादलीभर पाणी पडलं, इथपर्यंत मला आठवतं.

‘बघू’

अलिबागला पहिली मलमपट्टी झाली आणि तिथून ॲम्ब्युलन्स नवी मुंबईकडे निघाली. सुगंधा शेजारी बसली होती. ती रडत नव्हती, ड्रायव्हरला रस्ता सांगत होती. त्याला तो रस्ता तोंडपाठ असणार, पण तिला काहीतरी बोलायचं होतं आणि माझ्याशी बोलण्याची तिची हिंमत नव्हती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या घशात उजेड टाकून बघितलं आणि सुगंधाला बाजूला घेतलं. माणसं बाजूला घेऊन बोलतात तेव्हा खाटेवरच्याला सगळं ऐकू येतं, हे डॉक्टरांना कॉलेजात शिकवायला हवं. “वरचं भाजलंय ते भरून येईल,” ते म्हणाले. “काळजी आतली आहे. घसा सुजतोय, फुप्फुसात धूर गेलाय. श्वासासाठी नळी घालावी लागेल.”

“वाचतील ना?”

“बघू.”

इतका लहान शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. उधारी मागायला आलेल्याला आम्ही तोच सांगतो. नळी घालायच्या आधी सुगंधाने माझा न भाजलेला हात धरला आणि म्हणाली, “ऐकू येत असंल तर बोट दाबायचा. मी रोज विचारीन.” भीती कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. टाकीत भ्यायला वेळच मिळाला नव्हता.

पुढचे दिवस माझ्याकडे नाहीत. यंत्राचा आवाज आहे, कोणीतरी कूस बदलतंय हे आहे, आणि सुगंधाचा हात आहे. ती येऊन विचारायची, “हाय ना?” मी बोट दाबायचो. ती म्हणायची, “बरं.” नवराबायकोत इतकं सरळ बोलणं आमच्यात त्याआधी कधी झालं नव्हतं.

जिताडं

नळी निघाली तेव्हा मला वाटलं, सुटलो. मग ड्रेसिंग सुरू झालं.

भाजलेल्या माणसाचा दिवस ड्रेसिंगच्या आधीचा आणि नंतरचा असा दोनच भागांचा असतो. ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं. ते वॉर्डाच्या दाराशी वाजलं की खाटांवरचे आम्ही सगळे देव आठवायचो. आमच्या प्रणाली सिस्टर वर्ध्याच्या. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, “तुम्ही समुद्राकडचे ना? मग ते जिताडं म्हणजे काय असतं?”

आमच्या अलिबागकडे हा प्रश्न विचारायचा नसतो. विचारला तर उत्तर संपत नाही. मी घोगऱ्या, फुटक्या आवाजात सांगायला लागलो. घरच्या तळ्यातला मासा वेगळा, खाडीतला वेगळा. जावई आला तर डोकं त्याच्या पानात. मी कालवणाला आंबट काय घालायचं यावर आलो तोवर जुनी पट्टी निघालेली असायची. दुसऱ्या दिवशी त्या म्हणायच्या, “काल कुठे होतो आपण? आंबटावर.” त्यांना कालवण करायचं नव्हतं हे मला कळत होतं. पण मीही सगळं एकदम सांगत नव्हतो, पुरवून पुरवून सांगत होतो. अजूनही दुखलं की मला आधी आमसूल आठवतं.

मांडीची कातडी काढून छातीवर आणि हातावर लावली. कातडी धरावी म्हणून अंडी खायची. सकाळी अंडी, दुपारी अंडी, दुपारनंतर सुगंधाच्या पिशवीतून आणखी अंडी. शेवटी कोंबडीचं चित्र बघितलं तरी मी हात जोडायचो. शिवाय एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं, त्यात ओढून श्वास घेतला की तीन गोळ्या वर चढतात. मी पहिल्यांदा ओढलं तेव्हा एकही हलली नाही. लोखंडाच्या प्लेटा उचलणारा माणूस मी, आणि ती प्लॅस्टिकची गोळी माझ्याकडे बघत बसली.

उदबत्ती

या सगळ्यात एक माणूस दिसत नव्हता. दिगू. मी विचारलं की सुगंधा म्हणायची, “कामात हाय.” मला वाटलं, घाबरला असेल. आग कशाने भडकली हे मला तोवर ठाऊक नव्हतं. टाकीत जुनं डिझेल राहिलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

शेजारच्या खाटेवर पेणकडचा एक म्हातारा होता. मला तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्याला नाकात ऑक्सिजनची नळी. एका संध्याकाळी त्याची सून आली, तिने उशाशी गणपतीचा छोटा फोटो ठेवला, हात जोडले आणि पर्समधून उदबत्ती काढून काडी ओढली. प्रणाली सिस्टर वॉर्डाच्या त्या टोकाला होत्या. त्या कशा आल्या ते मला दिसलंच नाही. काडी त्यांच्या मुठीत विझली होती.

“अहो, देवाचंच करत होते,” सून म्हणाली.

“देवाचं बाहेर करा, ताई. इथे ऑक्सिजन चालू आहे. अंथरूण, उशी, याच्यात भरून राहतो तो. ठिणगी पडली तर बाबांच्या सगळ्या अंगाचा भडका होईल.”

सगळ्या अंगाचा भडका. मी पडल्या पडल्या ते ऐकलं आणि मला माझी बाही दिसली. सगळं एका दमात पेटलेलं. मग बरं वाटलेलं डोकं आठवलं, आणि त्याआधीचे माझेच शब्द.

मी तोंडावरचा मास्क ओढून काढला. रात्रभर तो लावू दिला नाही. ज्याने मला जाळलं तेच नाकातोंडाला बांधून मी झोपणार नव्हतो. श्वास लागत होता तरी नाही. पहाटे प्रणाली सिस्टर खाटेवर बसल्या. त्यांनी काय झालंय ते विचारलं आणि मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “तो नुसता कोणाला जाळत नाही. ठिणगी लागते. इथे ठिणगी कुठे आहे, दाखवा.”

मी कपाळाला बोट लावलं.

“ती विझवायला मला वेळ नाही,” त्या म्हणाल्या. “बावीस नंबरचं ड्रेसिंग राहिलंय. मास्क लावा.” मी लावला. बघता बघता छातीवरचं ओझं उतरलं. मला रडू आलं, आणि रडायलाही श्वास पुरला याचं फार बरं वाटलं.

सकाळी सुगंधा आली. मी विचारलं, “दिगूनेच ऑक्सिजन सोडला ना?”

तिने पिशवीतला डबा काढला, झाकण उघडलं, परत लावलं. “त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं मला. अलिबागला, दवाखान्याच्या दारात. ताय, माझ्या हातानं झाला बोलला.”

“मग?”

“मग काय. मी बोलले, परत तोंड दाखवू नको.”

“अगं, हवा सोड असं मीच म्हणालो.”

“तुम्ही हवा मागितली. त्यानं आग दिली.” तिने अंडं सोलायला घेतलं. “माझ्या बांगड्या फुटायच्या राहिल्यात, त्या काय त्याच्यामुळं न्हाय.”

त्याच्यामुळेच, असं मला म्हणायचं होतं. दोरी कोणी ओढली, असं विचारायचं होतं. पण ती इतक्या जोरात अंडं सोलत होती की अर्धं पांढरं सालाबरोबर चाललं होतं.

घर

घरी आलो तेव्हा अंगणातल्या जास्वंदीला पाणी घालायला कोणी नव्हतं, ती तरी जगली होती. मला तेवढ्यानेही उमाळा आला. आजारपणातून उठलेला माणूस काही काळ असा येडाच असतो, घरच्यांनी चालवून घ्यावं.

स्वयंपाकघरात मात्र मला जाता येईना. शेगडीचा लायटर टक वाजला की मी मागच्या दारी. सुगंधा दार लोटून घ्यायची, स्वयंपाक झाला की उघडायची. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा ती दार लोटायला विसरली आणि मी बसून राहिलो. आमच्यात त्यावर चर्चा झाली नाही.

आवाज मात्र आला तो एवढाच. कुजबुजीच्या वर चढत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडा सुधारेल. तोवर सुगंधा माझा भोंगा झाली. बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर मी बोलायचं आणि तिने मोठ्याने सांगायचं. पण भोंगा आपल्या मनाचा होता. मी मासेवालीला “ताजं आहे का” असं विचारलं तर सुगंधा सांगायची, “हे विचारतात ताजा हाय का, आणि गेल्या टायमाचा न्हवता.” मी दहा शब्द बोलावेत, तिने पंधरा पोचवावेत.

दिगू यार्ड सोडून गेल्याचं मला ठेकेदाराने सांगितलं. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर तो गाड्या लावायचं काम करू लागला होता. एक दिवस शेजारीण गावठी अंड्यांची पाटी घेऊन आली. कोणी दिली ते ती सांगेना, पण कोंबड्या कोणाच्या हे आमच्या आळीत लहान पोर सांगेल. सुगंधाने अंडी उतरवून घेतली. आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तिने पाटी रिकामी पाठवली.

“असा करू नये गं,” शेजारीण म्हणाली.

“अंडी ठेवली ना,” सुगंधा म्हणाली, आणि आत गेली. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं आणि स्वतः संध्याकाळपर्यंत जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, भूक न्हाय. माझ्या छातीवरची कातडी धरली होती, तीन गोळ्यांतल्या दोन वर चढत होत्या, आणि माझी बायको माझ्यासमोर वाळत चालली होती. भाऊ जिवंत असून त्याचं नाव न घेणं हे तिलाच झेपत नव्हतं. पण पाऊल मागे घ्यायचं कसं, ते तिला कळत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

यार्डात

ठेकेदाराने निरोप पाठवला. यार्डात नवी माणसं घेतली होती, टाकीचं काम सुरू होणार होतं. ‘गजाने येऊन चार शब्द सांगावेत. कागदावरचं कोणी ऐकत नाही.’ मी म्हटलं, माझे चार शब्द तरी कोणाला ऐकू जाणार. सुगंधा म्हणाली, “मी येते.”

शेडखाली पंचवीस-तीस माणसं बसली होती. तोंडाशी बसणाऱ्याच्या गळ्यात आता एक यंत्र असतं, आतली हवा बिघडली की किंचाळतं. ते बघून मला बरं वाटलं. मी उभा राहिलो, सुगंधा शेजारी, पदर खोचून.

मी म्हटलं, “लाइट गेली होती.”

“लाइट गेली होती,” सुगंधाचा आवाज शेडभर. “पंखा बंद. यांनी बाहेर यायचा होता, हे आले न्हाईत.”

माणसं हसली. मी पुढे सांगत गेलो. पंखा थांबला की सांधा गेला खड्ड्यात, बाहेर या. कटरचा पाइप वापरून झाला की टाकीच्या तोंडाशी ठेवू नका, नळ बंद करून लांब न्या. ऑक्सिजनला हवा म्हणू नका. त्याला त्याच्या नावाने हाक मारा, पंख्याच्या वाऱ्याला वारा म्हणा. ऑक्सिजन कपड्यात, केसांत भरून राहतो, मग ठिणगी पुरते. ती एकेक वाक्य उचलून पुढे देत होती, मधे आपली भर घालत होती.

मग मी म्हटलं, “मी बोललो, हवा सोड.”

“हे बोलले, हवा सोड.”

“बाहेर जो होता, त्याने ऑक्सिजन सोडला.”

ती काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. पुढच्या रांगेतली माणसं माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होती.

“बाहेर माझा भाऊ होता,” ती म्हणाली.



“त्यानं ऑक्सिजन सोडला. आमच्या बाबांना टायमावर मिळाला न्हाय. सिलिंडर घेऊन पळाला होता हा, तरी न्हाय मिळाला. त्याला वाटला, यांना तरी मिळू दे.” पदराचं टोक तिने हातात घट्ट धरलं होतं. “मायेनं सोडला त्यानं. मायेनं सोडला तरी आग लागते, हे तुम्ही ध्यानात ठेवा.”

हे माझं वाक्य नव्हतं. मी काही बोललोच नव्हतो. ती माझ्याकडे वळली, पुढचं काय म्हणून. मी हाताने दोरी ओढल्यासारखं केलं.

“व्हय,” ती म्हणाली. “आणि त्यानंच यांना ओढून काढला. आत उडी न्हाय मारली. हाताची सालं गेली, दोरी सोडली न्हाय. उडी मारली असती तर मी दोघांना पोचवला असता. आता हे उभे हाईत तुमच्यासमोर.”

ठेकेदाराने चहा आणला. ती प्यायली नाही. बाहेर येऊन रिक्षात बसली आणि मी घराचा पत्ता सांगायला तोंड उघडण्याआधी ड्रायव्हरला म्हणाली, “जेट्टीवर घ्या.”

जेट्टी

दिघीकडची फेरी भरत होती. दिगू एका जीपला मागे, मागे, अजून मागे असं हाताने दाखवत होता. त्याने आम्हाला बघितलं आणि त्याचा हात हवेतच राहिला. जीपवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तो भानावर आला, जीप लावली, तिच्या चाकाला दगड लावला, आणि मग हळूहळू जेट्टीवर आला. दाढी वाढली होती, गालफडं बसली होती. तो सुगंधासमोर उभा राहिला आणि खाली बघत राहिला.

ती त्याला नीट बघून घेत होती, डोक्यापासून पायापर्यंत. मी बोलणार होतो, पण हे काम माझं नाही हे मला कळलं.

“आज किती वाजता सुटतोस?” तिने विचारलं.

“शेवटची फेरी मारून.”

“जेवाला घरी ये.”

दिगूने पहिल्यांदा वर बघितलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. माझ्या मानेवरच्या डागाकडे बघितलं आणि पुन्हा नजर खाली घातली. “ताय,” तो म्हणाला, “भावोजींना चालंल?”

मी तोंड उघडलं. ये बाबा, एवढंच म्हणायचं होतं, पण माझा फुटका आवाजही निघेना.

“त्यांना काय विचारतोस,” सुगंधा म्हणाली. “मी बोलावते हाय.”